मध्यदेशाचं पाणी

काकासाहेबांनी स्वतःचा देश काढला तो संक्रांतीच्या दिवशी, आणि त्या देशाच्या झेंड्यासाठी पुष्पावतीचं हिरवं लुगडं फाडलं. लुगडं जुनं होतं हे खरं, पण अजून दोन वर्षं सहज निघाली असती. विचारलं असतं तर तिने त्यांचंच एखादं विरलेलं धोतर काढून दिलं असतं. पण देशाच्या कामात बायकोला काय विचारायचं! सुगडं पुजून ती बाहेर आली तर लुगड्याचा तुकडा बांबूवर फडफडत होता आणि खाली वाडीतली माणसं तिळगुळाच्या आशेने उभी होती. तिळगूळ मिळाला. त्याआधी तास-सव्वा तास भाषण मिळालं.

भाषणाचा मुद्दा असा होता. पाथर्डी तालुक्याच्या पार टोकाला, जिथे नगर जिल्हा संपतो आणि बीड सुरू होतो, तिथे एका नाल्याच्या आणि टेकडीच्या मध्ये ही नऊ घरांची वाडी. काकासाहेबांनी नगरला मोजणी खात्यात तीस वर्षं काढली होती. तिथे त्यांना म्हणे दोन जुने नकाशे सापडले. इंग्रजांच्या मोजणीदाराने आपली रेघ नाल्यापाशी थांबवली होती, निजामाच्या मोजणीदाराने टेकडीपाशी. मधली सत्तेचाळीस एकरांची पट्टी ना ह्याच्या कागदावर, ना त्याच्या. "जी जमीन इंग्रजांची नव्हती आणि निजामाचीही नव्हती, ती भारतात विलीन झालीच कशी?" असं विचारून काकासाहेब थांबले. कुणालाच उत्तर आलं नाही. म्हणजे आपलं म्हणणं सिद्ध झालं, असं त्यांनी धरून टाकलं. दोघा मोजणीदारांपैकी एकाला त्या दिवशी ऊन लागलं असेल आणि तो लवकर घरी गेला असेल, हे पुष्पावतीला सुचलं. मोजणी खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला नाही सुचलं.

खरं दुखणं तिला ठाऊक होतं. तीस वर्षांत ह्या गृहस्थांना बढती मिळाली एक. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी हातावर नारळ ठेवला, आणि शाल होती ती शेजारी बसलेल्या हेडक्लार्कच्या अंगावर टाकली. ती शाल काकासाहेबांच्या घशात अडकून बसली होती. वाडीवर येऊन ते दिवसभर ट्रान्झिस्टर कानाला लावून बसत. डिसेंबरात लढाई झाली, बांगलादेश नावाचा नवा देश झाला, आणि ह्यांचे डोळे चमकले. त्याच महिन्यात दिल्लीने राजेरजवाड्यांचे तनखे बंद केले, तेव्हा तर ते जेवता जेवता उठलेच. दुसऱ्या कुणाला त्यातून राजेपणाचे दिवस संपल्याचं कळलं असतं. ह्यांना वाटलं, जागा रिकामी झाली.

देशाचं नाव त्यांनी ठेवलं 'स्वतंत्र मध्यदेश'. स्वतःला ते राजा म्हणवत नव्हते, तेवढी लाज होती. राष्ट्रप्रमुख म्हणवत. मोजणीची जुनी साखळी त्यांनी घरी आणून ठेवली होती. (खात्याने दिली की ह्यांनी उचलली, हे पुष्पावतीने कधी विचारलं नाही.) साखळीचं एक टोक पुतण्याच्या हातात, सूर्यभानच्या, आणि दुसरं स्वतःच्या, असे दोघे आठ दिवस रानातून हिंडले आणि हद्दीवर चुना फासलेले दगड रोवून आले. सूर्यभान तिशीचा गडी, अंगाने रेडा, आणि सांगितलं तेवढं करायचं हा त्याचा एकच गुण. त्याला एक खाकी सदरा आणि एक शिट्टी दिली. नगरहून रबरी शिक्का करून आणला. शिक्क्यावर सिंह हवा होता; तो कोल्ह्यासारखा उठत होता, पण उठत होता.

मग नागरिकांची वही झाली. नऊ घरं, एक्केचाळीस माणसं. त्यातली निम्मी दिवाळीपासून श्रीरामपूरकडे ऊसतोडीला गेलेली, त्यांना तर आपला देश बदललाय ह्याचा पत्ताच नव्हता. वहीत तीन वर्ग. वाडीत जन्मलेले ते जन्मसिद्ध. लग्न होऊन वाडीत आलेल्या बाया त्या विवाहसिद्ध, म्हणजे दुय्यम. आणि वाडीतली जी पोर लग्न होऊन बाहेर जाईल ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताक्षणी परदेशी. परदेशी माणसाने यायचं तर पंधरा दिवस आधी लेखी अर्ज, तीन प्रतींत. हद्दीबाहेर जन्मलेलं मूल परदेशी, हे कलम तीन. सव्वीस वर्षं ह्या माणसाच्या भाकरी थापून पुष्पावती दुय्यम नागरिक ठरली. तिने नागरिकत्वाचा पिवळा दाखला घेतला, देवघरातल्या फळीवर ठेवला, आणि भाकरी थापायला बसली.

आता कुणी म्हणेल, वाडीतली माणसं काय खुळी होती, की हसून निघून गेली नाहीत? ती मुळीच खुळी नव्हती. आदल्या साली पाऊस पळून गेला होता. वाडीतल्या दोन विहिरींचे तळ उघडे पडले होते आणि पाणी राहिलं होतं ते फक्त काकासाहेबांच्या विहिरीला. पिवळा दाखला दाखवायचा, चार हंडे न्यायचे. दाखला नाही, हंडा नाही. ज्या घरात परदेशी माणूस परवान्यावाचून राहील त्या घराचं पाणी बंद. नाहीतर मग दीड कोसावरच्या खालच्या गावात जायचं आणि डोक्यावर आणायचं. त्यामुळे सगळे मुकाट्याने नागरिक झाले. काकासाहेबांना वाटलं, लोकांना स्वातंत्र्याची ओढ आहे.

त्यांनी दिल्लीला पत्र लिहिलं, युनोला लिहिलं. युनोचं पत्र 'पत्ता अपुरा' म्हणून पाथर्डीहूनच परत आलं. दिल्लीचं पत्र फिरत फिरत नगरच्या एका कचेरीत आलं, तिने मात्र उत्तर धाडलं, की आपला अर्ज विहित नमुन्यात नाही. त्या उत्तराची काकासाहेबांनी चौकट करून भिंतीवर लावली. परराष्ट्राने दखल घेतली, म्हणाले.

इथवर सगळा तमाशाच होता आणि पुष्पावतीने तो तमाशा म्हणूनच पाहिला. घरात नवरा आहे, रिकामा आहे, खेळतो आहे, खेळू दे. पण माघात बनू आली.

बनू रंगुबाईची लेक. रंगुबाई वाडीतली विधवा आणि वाडीतली सुईण. पुष्पावतीची साळू तिच्याच हातावर झालेली. बनू नवऱ्याबरोबर फडावर ऊस तोडत होती. आठवा लागला तशी नवऱ्याने तिला एसटीत बसवून दिली. पहिलं बाळंतपण माहेरी, ह्यात विचारायचं काय असतं? पोर गाठोडं घेऊन आईच्या घरात येऊन बसली. अर्ज नाही, प्रत नाही.

दुसऱ्या सकाळी रंगुबाईचा हंडा भरून विहिरीच्या कट्ट्यावर आला, तो सूर्यभानने उचलून परत विहिरीत पालथा केला. पुष्पावती तिथेच होती. दोन हात लांब. रंगुबाईने सूर्यभानकडे पाहिलं नाही, तिने पुष्पावतीकडे पाहिलं. आणि पुष्पावती आपली कळशी उचलून घरात निघून गेली.

जेवताना तिने विषय काढला. "अहो, रंगूची पोर दिवसांची हाय. पान्यावाचून कसं करायचं त्यांनी?"

"कायदा सर्वांना सारखा," काकासाहेब म्हणाले. "आज रंगूला सूट दिली, तर उद्या अख्खा नगर जिल्हा हंडे घेऊन दारात येईल."

अख्ख्या नगर जिल्ह्याला ह्या वाडीची वाटसुद्धा ठाऊक नाही, असं तिच्या अगदी जिभेवर आलं. तिने ते गिळलं आणि त्यांच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली. त्या अर्ध्या भाकरीची तिला पुढे फार लाज वाटली. नवऱ्याला मूर्ख म्हणणं सोपं होतं, ते ती मनातल्या मनात रोज म्हणत होती. पण मूर्खाला वाढणारी बाई कोण?

रंगुबाईने भांडण केलं नाही. चार दिवसांत तिने घर मोडलं, वासे काढले आणि नाल्याच्या पलीकडे, चुन्याच्या दगडांच्या बाहेर, फडावर बांधतात तसली पाचटाची कोपी उभी केली. पाणी खालच्या गावातून आणू लागली. एक दिवस ती सरपणाला गेलेली असताना बनूने स्वतःच कळशी उचलली. आईचे पाय सुजले होते, ते तिला बघवत नव्हते. परतताना नाल्याच्या उतारावर घसरली. होळीला चार दिवस होते. मुलगी झाली, आठव्या महिन्यातली, आणि दुपारपर्यंत श्वास घेत राहिली.

पुष्पावती दुधाचा तांब्या घेऊन नाल्यापर्यंत गेली. रंगुबाई समोरच्या काठावर आली. "वैनी, दूध ठिवा तुमच्याकडंच," ती म्हणाली. "तवा हंडाभर पानी दिलं असतं तर लई झालं असतं."

काकासाहेबांनी त्या संध्याकाळी वहीत लिहिलं, की परदेशी अर्भकाचा हद्दीबाहेर मृत्यू. नोंदीचं कारण नाही. कारण नाही, अशी नोंद केली! पुष्पावतीला वाचता येत नव्हतं. त्यांनीच मोठ्याने वाचून दाखवलं, अक्षर कसं आलंय ते. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी कामापुरतं बोलू लागली. त्यांच्या ते ध्यानात आलं नाही. राष्ट्रप्रमुखांना कामं पुष्कळ होती.

वैशाखात साळू आली.

साळू ह्या दोघांची एकुलती एक लेक, शेवगावकडे दिलेली. नववा लागलेला, पहिलटकरीण. अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी दीर तिला बैलगाडीत घालून घेऊन आला, दारात उतरवली, चहा प्याला आणि परत गेला. काकासाहेबांनी लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आनंदाने घरात हिंडू लागले. अर्ज, प्रती, पंधरा दिवस, काही म्हणजे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. आलं ते वाडीच्या डोक्यात.

तासाभरात अंगणात पाच-सहा माणसं जमली. दाखल्यावर पाणी पिणारी माणसं, ती थोडीच आवाज चढवणार! आवाज अगदी मऊ. बन्सी म्हातारा पुढे झाला आणि मान खाली घालून म्हणाला, "काका, साळूताई आली, लई ग्वाड झालं. आता आमी अडानी मानसं, म्हून इचारतो. तुमच्या घरचं पानी कवापासून बंद करायचं?"

कुणी हसलं नाही. सूर्यभान तर खरोखरच काकांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला, शिट्टी हातात धरून. त्याला हुकूम हवा होता; मिळाला असता तर त्याने काकांचाही हंडा पालथा केला असता.

काकासाहेब आत गेले. रंगुबाईच्या पोरीला पंधरा दिवस लागणार होते, इथे पंधरा मिनिटं लागली. बाहेर येऊन त्यांनी वटहुकूम वाचला: राष्ट्रप्रमुखांच्या कन्येस, राष्ट्राच्या व्यापक हितास्तव, जन्मसिद्ध नागरिकत्व पुन्हा बहाल करण्यात येत आहे. कोल्हा उठवला. माणसं 'बरं, बरं' म्हणत पांगली. बन्सी म्हातारा कुंपणाजवळ वळून थुंकला. पुष्पावतीने ते पाहिलं, आणि तिला वाटलं, हा आपल्या अंगावर थुंकला असता तरी चाललं असतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे साळूला कळा सुरू झाल्या. पोर अंगाने बारीक, आणि दिवस वर आला तरी पुढे काही सरकेना. पुष्पावतीने पोटावरून हात फिरवला, मग पुन्हा फिरवला. मूल आडवं आहे असं वाटत होतं. पाथर्डीचा दवाखाना आठ कोसांवर, एसटी दुपारी, तीही फाट्यावर. पंचक्रोशीत आडवं मूल हाताने फिरवणारी बाई एकच होती.

"रंगूला बोलवा," ती म्हणाली.

"बोलावतो की. त्यात काय!" काकासाहेब म्हणाले, आणि टेबलाशी बसून त्यांनी चार तासांचा तात्पुरता परवाना लिहिला. आत लेक ओरडते आहे आणि बाहेर हे शिक्क्याला शाई लावताहेत! सूर्यभान परवाना घेऊन धावला आणि तसाच परत आला.

"काय म्हनली?"

"म्हनली, मी परदेशी बाई. तुमच्या राज्यात पाय ठिवायची न्हाई. पोरगी हिकडं आना, मी हाय."

पुष्पावतीने साळूच्या काखेत हात घातला. काकासाहेब दारात आडवे झाले.

"हे बघ, नीट ऐक. मूल हद्दीबाहेर जन्मलं तर कलम तीन लागू होतं. माझा नातू परदेशी ठरेल. उद्या इतिहास काय म्हणेल?"

"मी म्हनते ते आधी ऐका," पुष्पावती म्हणाली. सव्वीस वर्षांत तिचा आवाज त्या घरात कधी एवढा चढला नव्हता. "तुमच्या त्या वहीपायी रंगूची नात गेली. मी बघत हुते आन् मी गप ऱ्हायले, मी तुमाला भाकरी वाढली. आज माजी पोरगी जाऊ द्यायची न्हाई मी. सरका. न्हाईतर ह्या खलबत्त्यानं तुमचं डोकं फोडीन, मंग लिवा त्याचा वटहुकूम."

काकासाहेब सरकले. लोकांना आपण हुकूम सोडतो तेव्हा ते पाण्याकडे बघून ऐकतात, आपल्याकडे बघून नाही, हे त्यांना त्या क्षणी कळायला हरकत नव्हती. कळलं नाही. पण बायको डोक्यात खलबत्ता घालील, हे कळलं.

नाला दीडशे पावलांवर. साळू चार पावलं चाले आणि वाकून बसे, पुन्हा उठे. वाडीतल्या बाया दारांत आल्या; एक जण येऊन साळूची दुसरी काख धरून चालू लागली, मग आणखी एक. चुन्याच्या दगडापाशी सूर्यभान उभा होता. त्यांना येताना पाहून त्याने सवयीने शिट्टी वाजवली, आणि मग आपण ती कशाला वाजवली हे न समजून ती खिशात घातली.

कोपीत अंधारं आणि थंड होतं. रंगुबाईने साळूला घोंगडीवर निजवलं, हात धुतले, पोट चाचपलं. पुष्पावतीकडे तिने पाठच ठेवली. कोपऱ्यातल्या चुलीपाशी बनू बसली होती. फड संपल्यावर नवरा तिला न्यायला आला होता, पण ती गेली नव्हती. दिवसभर अशी बसून असायची म्हणतात. "बने, पानी तापव," आई म्हणाली, तशी ती उठली. कोपीत एकच हंडा होता, तोही अर्धा. पहाटे तिनेच दीड कोसावरून आणलेला. ते सगळं पाणी तिने साळूसाठी चुलीवर चढवलं. पुष्पावतीला तिच्या हातांकडे बघवेना. ही पोर आरडली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं. ती चुलीत काटक्या सारत राहिली.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा मुलगा झाला. रंगुबाईने त्याला आतल्या आत फिरवून वळणावर आणला होता. तिच्या कोपरापर्यंत घाम निथळत होता. मूल रडलं. साळू निपचित पडली, पण डोळे उघडे होते तिचे, आणि ती आईकडे बघून हसली. पुष्पावती तिथेच भुईवर बसून हमसून हमसून रडली. कुणी तिची समजूत घातली नाही.

मग बाहेर खळ्ळ खळ्ळ असा आवाज आला.

ती कोपीच्या तोंडाशी गेली आणि बघतच राहिली. नाल्यातून राष्ट्रप्रमुख चढून येत होते. अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्याला टोपी, काखेत वही. हातात मोजणीच्या साखळीचं टोक. दुसरं टोक धरून मागे सूर्यभान, आणि त्याच्या खांद्यावरच्या पाटीत चुन्याने रंगवलेले ओले दगड. कोपीला वळसा घालून दोघांनी साखळी ताणली. काकासाहेबांनी एक दगड इथे ठेववला, एक तिथे, आणि वहीत आकडे मांडले.

"हे काय चाललंय?" पुष्पावतीने विचारलं.

"हद्द दुरुस्ती," काकासाहेब म्हणाले. चेहरा असा उजळला होता, की ह्या माणसाने आज खरोखरच काही शोध लावला असावा. "मूळ मोजणीत चूक होती. नाला सरकलेला आहे. ही कोपी पहिल्यापासून मध्यदेशातच येते. हुकूम मागच्या तारखेपासून लागू. तेव्हा नातू जन्मसिद्ध. आण त्याला बाहेर, मला बघू दे."

बाया नाल्यापलीकडे उभ्या होत्या, बन्सी म्हातारा होता, सगळे ऐकत होते. मागच्या तारखेपासून! होळीच्या आधी ही साखळी कुठे गेली होती? साठ पावलं जमीन आत घ्यायला ह्या माणसाला एक सकाळ पुरली, आणि ती घेतली कशासाठी, तर एक पोर वहीच्या बरोबर पानावर बसावं म्हणून. पुष्पावतीचा संताप संताप झाला. सव्वीस वर्षं आपण ह्या माणसाला नुसतं खुळं समजत होतो, हीच आपली मोठी चूक, असं तिला वाटलं. खुळं माणूस असं नसतं.

तिच्या मागून रंगुबाई पदराने हात पुसत बाहेर आली. तिने एकेक करून दगड न्याहाळले.

"मंग आता आमी आत, का भायेर?" तिने विचारलं.

"आत! तू आणि बनू दोघी नागरिक."

"मागच्या तारखेपासनं?"

"मागच्या तारखेपासून."

"म्हंजी पानी आमचं हुतंच की. रोजचं चार हंडे."

काकासाहेब जरा चाचरले. हे त्यांच्या वहीत कुठे बसेना. "होतं... म्हणजे आता आहे. सूर्यभान, जा रे, हंडा भरून आण."

"सूर्यभान न्हाई," रंगुबाई म्हणाली. "त्यानं पालथा केला, पर हुकूम तुमचा हुता. तुमी आना. पानी आल्याबिगर पोर कुनालाबी दिसायचं न्हाई."

काकासाहेबांनी बायकोकडे पाहिलं. पुष्पावती आत गेली, रिकामा हंडा घेऊन आली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला. "जा," ती म्हणाली.

ते गेले. त्यांना वाटलं असावं, एक हंडा, त्यात काय! त्या माणसाने जन्मात पाणी शेंदलं नव्हतं. नाल्यावरच्या सगळ्यांनी बघितलं, रहाटावरून दोर कसा निसटला, हातांची कातडी कशी सोलली, कोट कसा भिजला. सूर्यभान मदतीला पुढे झाला तर बन्सीने त्याच्या सदऱ्याला धरून मागे ओढला. दीडशे पावलांत काकासाहेब पाच वेळा थांबले. हंडा डोक्यावर राहीना, म्हणून पोटाशी धरून आणला. टोपी नाल्यातच पडली होती. कोपीपाशी आले तेव्हा हंड्यात निम्मं पाणी उरलं होतं आणि छाती भात्यासारखी चालली होती.

"घे," ते म्हणाले. "आता आण त्याला."

रंगुबाईने हंडा घेतला. आत साळूकडे नेला नाही, चुलीकडे नेला नाही. तिने बनूला हाक मारली, आणि बनू बाहेर उन्हात येऊन उभी राहिली, तेव्हा तो तिच्या पायांशी ठेवला.

"पी," ती लेकीला म्हणाली. "तुझ्या वाटचं हाय. माघातलं."

बनू खाली बसली. ती ओंजळीने पाणी प्याली, एकदा, दोनदा, पुष्कळदा. मग तोंड धुतलं. मग उतारावर घसरताना फुटलेला तो गुडघा, त्याच्यावर अजून डाग होता, तो धुतला. तिने मुळीच घाई केली नाही. कोपीत मूल रडायला लागलं, काकासाहेबांनी मान वर केली, पण कुणी हललं नाही. अख्खी वाडी उन्हात उभी राहून एका पोरीला पाणी पिताना बघत होती.

हंडा रिकामा झाला तशी रंगुबाई म्हणाली, "ह्यो माघातला पयला, पालथा केलेला. त्या दिसाचं अजून तीन ऱ्हायले. मंग पुढल्या दिसाचं."

काकासाहेबांचे ओठ हलले. कोणतं तरी कलम असावं. मग त्यांनी पुन्हा बायकोकडे पाहिलं, भाकरी मागताना बघायचे तसंच.

पुष्पावतीने हंडा उचलला आणि त्यांच्या सोललेल्या हातांत दिला.